मयताचं कापड आधी

चिदंबरराव हंचाट्यांची धाकटी नात आभा जन्मली ते दोन हजार तेवीस साल. बारशाला पाळण्याची झालर आजोबांनी स्वतः शिवली आणि जमलेल्या बायकांसमोर सांगून टाकलं, "जाहिरात करावी ती ज्याला आपल्या सुईचा भरवसा नाही त्याने. आमच्या दुकानाची पाटीसुद्धा वाऱ्याने वाकडी झालीय. गिऱ्हाईक मान वाकडी करून वाचतं आणि आत येतं."

बायका हसल्या. सून सहना हसली नाही. हल्ली मान वाकडी करूनही कोणी वाचत नाही, हे तिला ठाऊक होतं. लोक फोनवर बोट फिरवून पँट मागवत. ती कमरेत ढगळ आणि मांडीत घट्ट निघाली की मग म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात चिदंबररावांकडे आणत आणि म्हणत, "स्वल्प बारीक करून द्या, मामा." पन्नास वर्षं कोट कापणारा माणूस आता दुसऱ्याच्या पापाला टाके घालत बसला होता.

दुकानात माणसं दोन. कापायच्या टेबलाशी चिदंबरराव, आणि दाराशी स्टुलावर मालोजीराव. मालोजीरावांनी तीस वर्षं काज-बटणाखेरीज काही केलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या तोंडाला मात्र काज होतं, बटण नव्हतं.

दसरा झाला. जंबू सवारीच्या, हत्तींच्या मिरवणुकीच्या दिवसाची गर्दी ओसरली, आणि जयतीर्थ मास्तर काखेत पुडकं घेऊन दुकानात आले. पुडक्यात राखी रंगाचं लोकरी कापड. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेलं, वीस वर्षं ट्रंकेत पडलेलं. डांबराच्या गोळ्यांचा वास असा सुटला की मालोजीरावांना तीन शिंका आल्या.

"चिदंबर, कोट शिवायचाय. बंद गळ्याचा," मास्तर म्हणाले. "जुनी पोरं सत्कार करतायत. सतरा डिसेंबर, रविवार. आयुष्यात कोट घातला नाही, म्हटलं आता घालून बघू."

"म्हैसुरात लोकरी कोट?" मालोजीराव म्हणाले. "मास्तर, आतल्या आत इडली होईल तुमची."

"होऊ दे. सत्कार तासाभराचा आहे. इडलीला तेवढाच वेळ लागतो."

चिदंबररावांनी माप घेतलं. छाती दोन इंच उतरली होती, पण ते बोलले नाहीत. "आठ दिवस आधी हातात देतो," म्हणाले. हा शब्द साधा नव्हता. कारण या माणसाचं त्यांच्यावर ऋण होतं, आणि ते पैशाचं नव्हतं.

चिदंबरराव वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत निरक्षर होते. कापडाला टोचायच्या चिठ्ठीवर ते नाव लिहीत नसत, चित्र काढत. मिशीवाल्या फौजदाराची मिशी, पानवाल्याचं पान. मास्तरांची छत्री. एकदा मास्तरांनी स्वतःच्या सदऱ्यावर छत्री बघितली आणि म्हणाले, "चिदंबर, मी छत्री नाही. मला नाव आहे." दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन ते तीन, त्याच कापायच्या टेबलावर, शिंप्याच्या खडूने अक्षरं सुरू झाली. पहिला शब्द मास्तरांनी स्वतःचंच नाव दिला. त्यातलं शेवटचं जोडाक्षर लिहिताना चिदंबररावांना जो घाम फुटला, तो बाराबंदी कापतानाही कधी फुटला नव्हता. आठ दिवस लागले. तेव्हापासून त्या घरच्या प्रत्येक कापडावर चिठ्ठी त्यांच्या हातची, पूर्ण नावाची, ठसठशीत: जयतीर्थ मास्तर. राखी कोटालाही तीच टोचली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं सहनामुळे झालं असं म्हणता येईल, पण तिचा हेतू चांगला होता. घर बुडवणाऱ्या बहुतेक गोष्टींच्या मागे चांगलाच हेतू असतो.

सहनाने विभावरीला दुकानात आणलं. विभावरी मूळची पुण्याची, कंपनीत नोकरीला, आणि फोनवर "म्हैसूरच्या गल्ल्या" नावाचं पान चालवायची. ऐंशी हजार माणसं ते पान बघत. तिने फोन चिदंबररावांच्या नाकाशी धरला आणि विचारलं, "काका, तुमची स्टोरी काय?"

"कसली स्टोरी? कापड येतं, कपडा जातो."

"तसं नाही हो. काहीतरी मनाला भिडणारं."

"मयताची सांगा की," दारातून मालोजीराव म्हणाले.

आणि चिदंबररावांनी सांगितली. त्यांच्या वडिलांपासूनची रीत होती. गिऱ्हाइकाचं कापड दुकानात असताना तो माणूस गेला, तर त्याचं कापड सगळ्यांच्या आधी हातात घ्यायचं. जिवंत माणूस थांबू शकतो. मेलेल्याचं माप दुकानात अडकून राहू नये. दहाव्याच्या आत शिवून घरी नेऊन द्यायचं आणि शिलाई घ्यायची नाही. पन्नास वर्षांत असं अकरा वेळा झालं होतं.

विभावरीचे डोळे भरले. ते पुसून ती म्हणाली, "काका, परत सांगा, रेकॉर्डिंग चालू नव्हतं." दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बाहेर रिक्षा वाजली. तिसऱ्या वेळी चिदंबररावांचा घसा सुकून ठसका लागला. तो ठसका हुंदक्यासारखा दिसला, म्हणून तोच ठेवला. खाली बासरी घातली. शेवटी खुंटीवरचा कच्चे टाके घातलेला राखी कोट दाखवला, हळूहळू, वरून खाली, चिठ्ठीपर्यंत.

दोन दिवसांत अडीच लाख माणसांनी तो व्हिडिओ बघितला. सहना नाचायची बाकी होती. "मामा, अडीच लाख," ती म्हणाली.

"अडीच लाखांतले किती जण पँट शिवतात ते सांग," चिदंबरराव म्हणाले. पण मनातून सुखावले. खोटं कशाला बोला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कृष्णमूर्तिपुरमात मास्तरांच्या दारावर थाप पडली. त्यांच्या पत्नी वरलक्ष्मीबाई डोशाच्या पिठाने भरलेल्या हातांनी बाहेर आल्या. दारात चार जुने विद्यार्थी, मोठा हार घेऊन, खाली मान घालून.

"वहिनी, केव्हा झालं?"

"काय?"

"मास्तर."

"मास्तर न्हाणीघरात आहेत. बसा. हार इतका मोठा कशाला आणलात, सत्काराला अजून महिना आहे."

चौघे बसले. मास्तर पंचा गुंडाळून बाहेर आले. त्यांतल्या एकाला घेरी आली आणि त्याच्यासाठी कांदा फोडावा लागला. दुपारपर्यंत तीस माणसं येऊन गेली. संध्याकाळपर्यंत वरलक्ष्मीबाईंनी दाराला पाटी लावायला सांगितली, "मास्तर घरी आहेत." तीही कोणी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात आले. चेहरा परीक्षेचे पेपर तपासून उठल्यासारखा.

"चिदंबर, मी गेलोय म्हणे."

चिदंबरराव उठून उभे राहिले. "मास्तर, चिठ्ठी दिसली त्यात. माझ्या लक्षात आलं नाही. पायावर डोकं ठेवतो."

"ते राहू दे. गेल्याचं दुःख नाही. लोकांनी खाली काय लिहिलंय ते वाचलंस?" मास्तरांनी एका कागदावर सगळं उतरवून आणलं होतं, अनुक्रमांक घालून. "एक म्हणतो, मास्तरांमुळे मी नोकरीला लागलो. बरं. दुसरा म्हणतो, देव त्यांना शांती देवो, पण एक्क्याण्णव साली त्यांनी माझा कान उपटला तो अजून दुखतो. तिसरा म्हणतो, माणूस चांगला होता, पण गणित कच्चं होतं."

"कोण आहे तो?"

"नाव नाही. फुलाचं चित्र आहे." मास्तर स्टुलावर बसले. "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं पस्तीस वर्षं शिकवलं. यांनी ऐकलं नाही म्हणजे शिकवण्यातच खोट."

"गणिताचं खरं आहे का?" मालोजीरावांनी विचारलं.

मास्तरांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

घरी जाऊन मास्तरांनी शेजाऱ्याच्या मुलीकडून स्वतःच्या नावाचं खातं उघडून घेतलं आणि लिहिलं, "मी जयतीर्थ. मी हयात आहे. माझं गणित कच्चं नव्हतं." चौदा जणांनी त्यांना झापलं. मेलेल्या माणसाच्या नावाने खोटं खातं काढताना लाज वाटत नाही का, आई-बापांनी हेच शिकवलं का. तक्रारी गेल्या आणि तीन दिवसांत खातं बंद झालं.

"पेन्शनीला गेल्याच आठवड्यात हयातीचा दाखला दिला," मास्तर म्हणाले. "सरकारला पटलं. सरकारला पटतं आणि यांना पटत नाही."

विभावरीने दुसरा व्हिडिओ टाकला. त्यात मास्तर स्वतः खुर्चीत बसून म्हणाले, "नमस्कार, मी जिवंत आहे." तो तीनशे बारा माणसांनी बघितला.

"अडीच लाखांनी मेलेला बघितला आणि तीनशेंनी जिवंत?" चिदंबरराव म्हणाले. "बाकीचे कुठे गेले?"

"काका, काय सांगू," विभावरी म्हणाली. "जिवंत माणूस कोणी पुढे पाठवत नाही."

"मग पहिला काढून टाका."

"काढते. पण लोकांनी उतरवून घेतलाय. आता तो माझ्याकडे नाही, सगळ्यांकडे आहे."

तोवर दुकानापुढे रांग लागली होती. ती रांग जिवंतांची असती तर चिदंबररावांनी पेढे वाटले असते. पण जो येई तो कोणीतरी गेलेला घेऊन येई. टी. नरसीपूरहून एक गृहस्थ तीन पँटींचं कापड घेऊन आला. आजोबा गेले, संगमावर अस्थी सोडल्या, आणि हे त्यांचं राहिलेलं कापड.

"आजोबा केव्हा गेले?" मालोजीरावांनी विचारलं.

"सत्याण्णव साली."

"मग इतके दिवस काय, ते बिनपँटीचे वर थांबलेत?"

"तुमचा मेसेज आता आला ना, स्वामी."

एक बाई सासूच्या नावाने ब्लाउजपीस घेऊन आली. गळा पाठीकडे खोल हवा, त्याला दोऱ्या, दोऱ्यांना गोंडे.

"सासूबाईंना?" चिदंबरराव म्हणाले.

"हौस होती त्यांना. जिवंतपणी कोणी पुरवली नाही."

"माप?"

"माझंच घ्या. आमचं दोघींचं एकच होतं."

मालोजीरावांनी दाखला मागायचं सुचवलं. चिदंबररावांना ते पटेना. दुःखात असलेल्या माणसाला कागद कसा मागायचा? शंभरात एक खरा असला तर? एका तरुणाला मात्र त्यांनी "नाही" म्हटलं, कारण त्याने पाच दिवसांत चौथा बाप आणला होता. तरुणाने तिथेच फोन काढला. "बघा, मित्रांनो, हीच यांची माया. व्हिडिओपुरती." तो व्हिडिओ सत्तर हजार माणसांनी बघितला. दुकानाच्या नावापुढे एकेक चांदणीची रांग लागली. कधी उंबरा न चढलेल्या माणसांनी लिहिलं की इथे काज सुटतात. मालोजीरावांनी ते वाचून घेतलं, आणि दोन दिवस जेवले नाहीत.

"मामा, नियम बदला ना," सहना रडकुंडीला येऊन म्हणाली. "निदान मास्तरांचा कोट आधी घ्या."

"माझ्या बापाचा नियम होता तेव्हा बदलता आला असता," चिदंबरराव मशीनवरून डोकं न उचलता म्हणाले. "आता तो अडीच लाखांचा आहे. मयताचं आधी म्हणालोय, तोंडाने. आता मास्तरांचं आधी घेतलं तर तेही कोणीतरी फोनमध्ये धरणार, आणि मास्तरांनाच त्यात ओढणार."

म्हणून ते शिवत राहिले. जिवंत गिऱ्हाइकं चार दिवस थांबली, मग आपापली कापडं काढून घेऊन गेली. राखी कोट खुंटीवर कच्च्या टाक्यांनी लोंबत राहिला.

मास्तर ट्रायलला तीनदा आले. पहिल्यांदा कॉलर नव्हती. दुसऱ्यांदा अस्तर नव्हतं. तिसऱ्यांदा, नऊ डिसेंबरला, बाह्या नव्हत्या.

"चिदंबर, आठ दिवस आधी देणार होतास."

"नाळे, मास्तर. उद्या नक्की." आयुष्यभर शिंपी लोक म्हणतात तसं ते म्हणाले, पण या माणसाला ते आजवर कधी म्हणाले नव्हते.

मास्तरांनी रांगेकडे बघितलं. "अरे, तुझ्या नियमाने तर माझा नंबर पहिला. मी महिन्यापूर्वीच गेलोय."

"तुमचं अधिकृत नाही ना, मास्तर," मालोजीराव म्हणाले.

तिघेही हसले. रांगेतल्या लोकांनी मागे वळून बघितलं. मेल्याच्या दुकानात हसतात म्हणून.

सोळा तारखेला चिदंबररावांनी सकाळीच शटर ओढलं. बाहेर लोक शटर वाजवत होते, आत ते कोट शिवत होते. बटणं लागली, अस्तर बसलं, कॉलर अशी उभी राहिली की बघत राहावं. सतराच्या सकाळी डावी बाही पक्की झाली. उजवी कच्च्या टाक्यांवर होती तेवढ्यात सहना रिक्षा घेऊन दारात आली. "मामा, दहाला सत्कार आहे. साडेनऊ झाले."

"उजवी राहिलीय."

"टाके आहेत ना? तासभर धरतील."

पन्नास वर्षांत चिदंबररावांनी कच्च्या टाक्यांचा कपडा कोणाच्या अंगावर घालून दुकानाबाहेर पाठवला नव्हता. त्या दिवशी पाठवला.

सभागृहात दोनशे खुर्च्या होत्या, माणसं चाळीस. बाकीच्यांना वाटलं की कार्यक्रम रद्द झाला असेल, सत्कारमूर्तीच नाही म्हटल्यावर. ज्या चौघांनी हार आणला होता ते पुढे बसले होते. मास्तरांनी कोट घातला. पाठ सरळ झाली. वरलक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या, "लग्नात असे दिसला असता तर मी इतकी रडले नसते." विभावरी पहिल्या रांगेत फोन धरून उभी होती. जिवंत मास्तर आणि त्यांना कोट देणारा शिंपी, दोघांचं एकत्र दाखवलं की सगळं निस्तरेल, अशी तिची आणि सहनाची योजना. आणखी दहा-बारा जणांनीही फोन धरले होते.

मास्तरांना फेटा बांधला, शाल पांघरली. मास्तर बोलायला उभे राहिले. म्हणाले, "माझ्याविषयी जे पसरलं आहे त्याला माझं उत्तर एवढंच," आणि वर्गात करायचे तसा उजवा हात ताडकन वर केला.

हात वर गेला. बाही गेली नाही. ती खांद्यापासून सुटली, शालीखालून सरकत आली आणि हार घातलेल्या समईवर जाऊन पडली. लोकरीला धग लागून वास सुटला. चौघांतल्या एकाने उडी मारून तांब्यातलं पाणी ओतलं. बाहीबरोबर समई विझली, आणि चाळीस माणसांतून एकच आवाज आला, तो हसण्याचा होता.

मास्तर उघड्या सदऱ्याचा हात तसाच वर धरून उभे होते. मग त्यांनी तो खाली घेतला आणि जे बोलायचं होतं ते कोणीच ऐकलं नाही.

विभावरीने आपला व्हिडिओ टाकला नाही. तिच्या बाजूने हे सांगायला हवं. दुसऱ्या कोणीतरी टाकला. चार लाख. खाली बहुतेक जणांनी विचारलं होतं, हे तेच ना, मेलेले?

चिदंबररावांनी दुकानातली सगळी मयतं बाजूला सारली. लोकांना जे म्हणायचं ते म्हणू दिलं. बाहीचं कापड जळलं होतं, तसलं राखी कापड म्हैसुरात मिळेना, तेव्हा कोटाच्या आतल्या शिलाईत सोडलेलं जास्तीचं कापड काढून, तुकडे जोडून, त्यांनी बाही पुन्हा उभी केली. जोड कुठे आहे ते मालोजीरावांनाही सापडला नाही. तेवीस तारखेला ते कोट घेऊन कृष्णमूर्तिपुरमात गेले.

मास्तरांनी हात वर करून बघितला. खाली केला. पुन्हा वर केला.

"पक्की आहे," म्हणाले. "आता कुठे घालू?"

चिदंबररावांनी बाहीवरचा एक सुटा दोरा चिमटीने काढला.

"बरं, बघतो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर सकाळी दूध आणायला कोट घालून जाऊ लागले. मग भाजीला. मग नुसतेच, चौकापर्यंत आणि परत. गळ्यापर्यंत बटणं लावून, घामाने निथळत, जो दिसेल त्याला नाव घेऊन हाक मारत. "सयाजीराव, बरं आहे ना?" "सिंधू, मुलगा कितवीला?" एक दिवस ते मोहल्ल्यातही येऊन गेले. दुकानापुढे उभे राहिले, आत आले नाहीत. रांग होती. बहुतेकांची मान फोनमध्ये होती.

जानेवारीच्या दोन तारखेला दुपारी वरलक्ष्मीबाईंच्या भाचीने फोनवर दोन ओळी लिहून टाकल्या. खाली उत्तरं आली. "हे जुनं आहे." "नोव्हेंबरमध्येच गेले ना?" "त्या टेलरची जाहिरात परत सुरू झाली वाटतं." "आता फसणार नाही." हार घेऊन आलेल्या त्या चौघांना तिने फोन केला. तिघांनी हसून ठेवून दिला. चौथा आला, पण संध्याकाळी, स्मशानात फक्त राख उरली असताना.

खांदा द्यायला शेजारचे दोघे, चिदंबरराव आणि मालोजीराव. दोघा म्हाताऱ्यांच्या उंचीत वीतभर फरक, त्यामुळे तिरडी सगळा रस्ताभर एका बाजूला कलली होती. मालोजीराव वाटेत एकदाही काही बोलले नाहीत.

अंगावर कोट होता. वरलक्ष्मीबाईंनी घालू दिला.

त्यानंतर कोणी चिदंबररावांना विचारलं की मास्तर नक्की केव्हा गेले, तर ते सांगत नाहीत, खडू घेऊन टेबलावर लिहून दाखवतात, म्हणजे वाद नको. जयतीर्थ मास्तर, मंगळवार, दोन जानेवारी दोन हजार चोवीस, सकाळी सव्वासहा.